धूर कोण करतंय?

आमच्या पाचगणीत नानासो गोळ्यांनी ज्याच्यावर संशय घेतला नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. माझ्यावर तर त्यांनी इतक्यांदा घेतलाय की एखाद्या आठवड्यात नाही घेतला तर मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. बाजार संपून रस्ता उताराला लागतो तिथे माझं औषधाचं दुकान आहे, वर आमचं बिऱ्हाड, आणि शेजारी नानासोंचं घर. मध्ये एक सामाईक भिंत. ती भिंत अर्धी वीट त्यांच्या जागेत सरकलीय की माझ्या, यावरून आमचं पहिलं भांडण झालं आणि त्यातूनच ओळख वाढली. ते मला आप्पा म्हणतात. रागावले की आप्पासो म्हणतात.

नानासो फौजेतून नायक म्हणून निवृत्त झाले. बरीचशी नोकरी पहाऱ्यावर गेली. समोर येणारा प्रत्येकजण आधी शत्रू धरायचा आणि ओळख पटली की मगच सोडायचा, असं त्यांना तिथे शिकवलं होतं. घरी आल्यावर त्यातलं पहिलं अर्धं तेवढं त्यांच्या लक्षात राहिलं. गॅसची टाकी आली की ते दारातच तिला काटा लावून वजन करायचे. टाकी वजनात बरोबर भरली तर काट्यावर संशय घ्यायचे. शेवटी टाकीवर पाणी तापवायचं बंदच केलं, गॅस फक्त चहाला आणि स्वयंपाकाला. पुण्याला नोकरी करणारा त्यांचा मुलगा वीरधवल म्हणाला, "तात्या, छपरावर सौर बंब बसवून देतो." तर हे माझ्याकडे येऊन हळूच विचारतात, "आप्पा, ह्यात पोराला कमिशन मिळत आसंल का वो?"

भंगारवाल्याशी तर त्यांचं जन्माचं वैर. तो मापात मारतो, हे त्यांचं ठाम मत. म्हणून त्यांच्या घरातून कधी भंगार बाहेर गेलं नाही. फुटक्या बादल्या, तारांची भेंडोळी, स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर अंथरतात तो प्लास्टिकचा काळा मल्चिंग कागद, सगळं परसातल्या खोपीत रचून ठेवलेलं असायचं. दहा गुंठ्यांत ते स्ट्रॉबेरी लावतात. हंगाम संपला की निघालेला कागद गुंडाळ्या करून खोपीत.

अशा माणसाचा विश्वास होता तो एकाच गोष्टीवर, पाचगणीच्या हवेवर. त्यांचे वडील एका बंगल्यावर राखणीला होते. छातीच्या दुखण्याची माणसं तिथे महिनोन्‌महिने येऊन राहायची आणि गालावर रंग घेऊन परत जायची. ते लहानपणी पाहिलेलं नानासोंच्या मनात पक्कं बसलेलं. फंडाच्या पैशातून त्यांनी घराला लागून दोन खोल्या बांधल्या आणि बाहेर पाटी लावली, 'हवापालटासाठी खोल्या'. खोलीत टीव्ही नाही, गालिचा नाही. पाहुणा आला की भाडं सांगायच्या आधी ते त्याला अंगणात उभा करायचे. "श्वास घ्या. घ्या की. आता सोडा. कसं वाटतंय?" माणूस बरं वाटतंय म्हणाला तर खोली द्यायचे. त्यांच्याकडे मुख्यतः सांगली, मिरज, तासगाव भागातली कुटुंबं यायची, एकाचं ऐकून दुसरं.

यंदा मार्चच्या शेवटी काय झालं, एक जोडपं दोन रात्री राहून गेलं आणि त्यांनी मोबाइलवर लिहिलं, 'खोली स्वच्छ, माणसं चांगली, पण पहाटे प्लास्टिक जळाल्याचा वास येतो. हवेसाठी येणार असाल तर येऊ नका.'

वीरधवलनं ते फोनवर वाचून दाखवलं. नानासो तसेच माझ्या दुकानात आले. अंगात बनियन, पायात चप्पल नाही.

"आप्पा, कुनीतरी करतंय ह्ये."

"काय?"

"धूर. मुद्दाम. माज्या धंद्यावर उठलंय कुनीतरी."

त्यानंतर एप्रिलची दोन आरक्षणं रद्द झाली. ज्यांनी रद्द केली त्यांनी कारण सांगितलं नाही, पण नानासोंना कारणाची गरज नव्हती. पहिला संशय समोरच्या उताराला हॉटेल चालवणाऱ्या शंभूराजवर. त्याच्याकडे भट्टी आहे, जनरेटर आहे आणि नानासोंच्या मते काळं मनही आहे. दुसरा संशय माझ्यावर.

"तुमी राग मानू नका," ते मला सरळ म्हणाले, "पर धूर झाला की मानसं खोकत्यात. खोकली की तुमच्याकडं येत्यात. ह्यात फायदा कुनाचा, ते सांगा."

मी मानला राग. इतका मानला की चार दिवस बोललो नाही. पाचव्या दिवशी पेपरात एक बातमी आली आणि मला त्यांना टोचायची संधी मिळाली. खराब हवेमुळे देशाचं दरवर्षी किती नुकसान होतं, त्याचा कुणीतरी हिशेब मांडला होता. आकड्यावर इतकी शून्यं होती की मी बोट ठेवून मोजायला लागलो आणि मध्येच सोडून दिलं. भिंतीवरून हाक मारून मी त्यांना बातमी वाचून दाखवली.

"आकडा काडला कुनी?" नानासोंनी विचारलं.

"जाणकारांनी."

"कुनाच्या खिशातनं गेलं येवडं? माज्या खिशातनं धा रुपये पडलं तर मला कळतंय. मग ह्ये कसं कळलं न्हाई?"

मी समजावलं. आजारपणानं बुडालेले दिवस, रजा, दवाखाने, लवकर मेलेली माणसं, पोरांच्या चुकलेल्या शाळा, असं सगळं धरतात. नानासोंनी डोळे बारीक केले.

"दवाखान्यात भरलेलं पैसं डॉक्टरला मिळत्यात. औशदाचं तुमाला. म्हंजी तुमच्या गल्ल्यात पडतंय त्येला देशाचं नुकसान म्हनायचं का उत्पन्न?"

मी पेपराची घडी घातली आणि आत गेलो. दम्याचा फवारा मी विकला की त्याची पावती फाटते, कर भरला जातो, कुठेतरी तो व्यापार वाढला म्हणून नोंदला जातो. ज्यानं घेतला त्याचं काय गेलं, ते मात्र माझ्या दुकानातून दिसत नाही. नानासोंसारख्या माणसानं हे मला भिंतीवरून विचारावं याचा मला दिवसभर संताप येत राहिला.

एप्रिलच्या मध्याला राजमती पाटील आल्या. तासगावच्या बाजूच्या जैन शेतकरी घरातल्या बाई, साठीला टेकलेल्या, अंगानं काटक. बरोबर आठ वर्षांची नात, ब्राह्मी. मुलगा गोमटेश गाडीतून सोडून लगेच परत गेला, कारण घरी बेदाण्याचा हंगाम ऐन भरात होता आणि तो हंगाम आजवर राजमतीबाईंनीच सांभाळलेला. द्राक्षं वाळवायची शेड त्यांच्या घराच्या पाठीमागेच. बेदाणा पिवळाधमक दिसावा म्हणून त्याला गंधकाची धुरी देतात. त्यात रस्त्याचा धुरळा, ट्रकांची वर्दळ. ब्राह्मीचा खोकला दोन वर्षं हटत नव्हता, शाळा निम्मी बुडालेली. डॉक्टर म्हणाले, पोरीला दोन महिने चांगल्या हवेत ठेवा, जूनमध्ये शाळेला बसवायची की नाही ते मग बघू. सून नोकरी करते, तिच्या रजा आधीच संपलेल्या. म्हणून हंगाम पोरावर टाकून ही आजी नातीला घेऊन डोंगरावर आली होती.

नानासोंनी त्यांनाही अंगणात उभं केलं. "श्वास घ्या."

राजमतीबाईंनी घेतला नाही. म्हणाल्या, "मी काय घिऊ? पोरीला घिऊ दे की. दोन म्हयन्यानं तिचा खोकला सांगंल तुमची हवा कशी हाय ती."

मला ही बाई तिथल्या तिथे आवडली. संशयात नानासोंना तोलामोलाची होती. नळाचं पाणी त्या दुहेरी फडक्यातून गाळून मगच वापरायच्या. त्यांच्याकडे तसा नेमच असतो. फडकं रोज स्वतःच्या हातानं धुवायच्या, दुसऱ्याला हात लावू द्यायच्या नाहीत. दूध कुठल्या म्हशीचं, म्हैस काय खाते, इथपर्यंत चौकशी. दिवस मावळायच्या आत जेवण. पहाटे उठून आंघोळ आणि मग जपाला बसायच्या. आंघोळीला कडकडीत पाणी लागायचं, ते नानासोंची बायको भामाबाई तापवून द्यायच्या.

भामाबाईंविषयी एवढं लिहिलं की खरं तर सगळं लिहून झालं, असंच आम्ही सगळे इतकी वर्षं समजत होतो. त्या पाणी तापवायच्या, चहा द्यायच्या, खोल्या झाडायच्या. नानासो बोलत असले की त्या मागे उभ्या असायच्या.

पहिले आठ-दहा दिवस ब्राह्मी बरी होती. टेबललँडवर घोड्यामागे पळाली, आंबट स्ट्रॉबेरी खाल्ली, रात्री शांत झोपली. मग ती आजीबरोबर पहाटेच उठायला लागली आणि खोकला परत सुरू झाला, तोही पहाटेचा. सकाळी सातपर्यंत पोरगी अंगाचं मुटकुळं करून खोकत बसायची. दुपारी एकदम ठणठणीत. आजीला ती अव्वा म्हणायची. "अव्वा, छातीत खरखर होतंय," हे वाक्य भिंतीपलीकडून मलाही ऐकू यायला लागलं.

राजमतीबाई फवारा घ्यायला दुकानात आल्या. नानासो मागोमाग आलेच.

"बाई, तुमी काळजी करू नका. कोन करतंय त्ये मला ठावं हाय. त्यो शंभूराज. पहाटं भट्टीत कचरा जाळतोय."

"तुमी बगितलाय का?"

"बगीन की. कुटं जातोय."

"नाना, मी सांगून ठिवते," राजमतीबाई म्हणाल्या. "म्हयनाअखेरपतुर पोरीला आराम पडला न्हाई, तर मी जानार. आनि आमच्याकडं लोक इचारत्यात, पाचगनीत कुटं उतरलाता म्हनून. खरं त्येच सांगनार."

नानासोंचा चेहरा उतरला. त्यांची पाटी, त्यांचा धंदा, सगळं या बाईच्या शब्दावर होतं. तासगावकडच्या चार घरांत बातमी गेली की त्या भागातून पुन्हा कुणी येणार नाही, हे मलाही कळत होतं. आणि धंद्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे, आपली हवा वाईट आहे हे त्यांना जिवंतपणी ऐकवलं नसतं.

मग सुरू झाला पहारा. पहाटे पाचला नानासो काठी आणि बॅटरी घेऊन फाटकात. तोंड शंभूराजच्या हॉटेलकडे. धूर दिसला की धावत जायचे आणि दरवेळी हात हलवत परत यायचे. एकदा हॉटेलच्या स्वयंपाकघरात घुसले तर तिथे गॅसवर उपीट चाललेलं. शंभूराजनं त्यांना बशीभर खायला घातलं. नानासोंनी ते खाल्लं आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "लाच देतोय."

"अहो, भट्टी बंद होती ना?"

"त्येला आदीच सुगावा लागला आसनार. कुनी सांगितलं त्येला?" एवढं बोलून ते माझ्याकडे बघत राहिले.

मी त्या दिवशी खरंच भांडलो. म्हणालो, तुमच्या डोक्यातच धूर झालाय. त्यांनी मला आप्पासो म्हटलं.

राजमतीबाईंनी मात्र स्वतःचं काही चालवलं होतं. त्यांच्या खोलीला दोन खिडक्या. एक रस्त्याकडची, हॉटेलच्या दिशेची. दुसरी परसाकडची. पाणी गाळायची फडकी त्यांच्याजवळ जादा होती. त्यांनी त्यातली दोन ओली करून दोन्ही खिडक्यांना ताणून बांधली. पाणी गाळून घेतो तर हवा का नको, एवढाच साधा विचार. खोलीत बंद हवेत पोरगी घुसमटते, आणि उघडं ठेवावं तर खोकते, म्हणून ही युक्ती. रोज रात्री ओली करून बांधायची, सकाळी सोडायची. चौथ्या दिवशी सकाळी त्या दोन्ही फडकी घेऊन माझ्या दुकानाच्या पायरीवर आल्या आणि नानासोंना हाक मारली.

रस्त्याकडचं फडकं जरा मळकट होतं, धुरळ्यानं. परसाकडच्या फडक्यावर मध्यभागी काळा डाग. बोट लावलं तर बोटाला तेलकट काजळी आली आणि नाकाशी नेलं तर जळक्या प्लास्टिकचा वास.

"नाना, हाटील कुटल्या बाजूला हाय?" त्यांनी विचारलं.

नानासोंनी फडकं उलटंपालटं करून बघितलं. मला वाटलं, आता तरी. पण माणसाचा स्वभाव असा सहजी हार मानत नाही.

"बाई, राग मानू नका," ते म्हणाले, "पर भाडं परत मिळवायला मानूस फडक्याला काजळी बी लावंल."

राजमतीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं असावं. त्या एवढंच म्हणाल्या, "तर मग तुमीच बांदा. फडकं तुमचं, गाठ तुमची. सकाळी मी खिडकीजवळ जानार न्हाई. साक्षीला आप्पा."

तसं ठरलं. नानासोंनी स्वतःचा फौजेतला पांढरा पंचा काढला, परसाकडच्या खिडकीला बांधला आणि अशी गाठ मारली की ती सोडली तर कळावं. मला हुकूम झाला की पहाटे भिंतीशी उभं राहून परस बघायचं. ते स्वतः नेहमीप्रमाणे फाटकात, हॉटेलकडे तोंड करून. परसात धूर येतोय तो वरून वाऱ्यानं येतोय, असा आता त्यांचा नवा तर्क होता.

मी उजाडायच्या सुमारास शाल पांघरून भिंतीशी उभा राहिलो. परसात न्हाणीच्या बाहेर तांब्याचा मोठा बंब आहे. भामाबाई आल्या. पदर खोचला, खोपीत गेल्या, काखेत एक काळी गुंडाळी घेऊन आल्या. मल्चिंगचा कागद. त्याचे पट्टे फाडून त्यांनी बंबाच्या पोटात सारले, वर ओलसर लाकडं घातली, काडी ओढली. खाली वाकून फुंकणीनं फुंकर घातली. एकदम भडका उडाला आणि बंबाच्या नळीतून काळा, जड धूर वर आला. वारा नव्हताच. धूर छपराच्या वळचणीला अडला आणि वळून सरळ राजमतीबाईंच्या खिडकीत शिरला.

भामाबाईंच्या शेजारी, शेकायला हात पुढे करून, ब्राह्मी बसली होती.

इतक्या वर्षांत मी हा बंब रोज बघितलाय. माझ्याही घरी लहानपणी होता. बंबाचा धूर हा आम्हाला कधी धूर वाटलाच नाही. तो घरचा. धूर म्हणजे कारखान्याचा, गाडीचा, दुसऱ्याचा. मीसुद्धा त्या दिवसापर्यंत शंभूराजच्या भट्टीवरच नजर ठेवून होतो, उगाच खोटं कशाला बोलू?

आंघोळीच्या पाण्याची वाट बघत असलेल्या राजमतीबाई नातीला शोधत बाहेर आल्या आणि न्हाणीपाशी थांबल्या. मी भिंतीवरून खूण केली. तेवढ्यात फाटकाकडून नानासोंचा आवाज आला, "आप्पा! घावला का?" आणि ते काठी घेऊन धावतच परसात आले.

आम्ही तिघं भामाबाईंकडे बघत होतो. त्या गोंधळल्या.

"काय झालं? पानी तापाय ठिवलंय की."

"ह्ये कागुद कवापास्नं घालताय?" राजमतीबाईंनी हळू विचारलं.

"व्हय, लाकडं वली हाईत न्हवं, पेटतच न्हाईत. कागुद घातला की लगीच धरतंय. ह्येंनीच सांगितलंय, भंगारवाला मापात मारतोय, घरच्या कामाला ईल. लय वर्सं झाली की."

नानासोंच्या हातातली काठी तशीच वर होती. ती त्यांनी खाली केली. पंचा सोडायला कुणी गेलंच नाही, धुरात तो तिथूनच काळा दिसत होता.

"मला म्हाईत हुतं," ब्राह्मी म्हणाली. "वास हितलाच हाय त्यो."

"मग सांगितलं का न्हाईस?" राजमतीबाई ओरडल्या.

"कुनी इचारलंच न्हाई. आनि हितं ऊब लागती. ह्या आज्जी गोष्टी सांगत्यात." असं म्हणून तिला खोकला आला. आणि तिला जवळ घ्यायला वाकलेल्या भामाबाईंनाही आला. पोरीचा खोकला थांबला. भामाबाईंचा थांबेना. त्या बंबाला हात टेकून खोकत राहिल्या आणि मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "काय न्हाई, रोजचंच हाय."

नानासो तोंडातल्या तोंडात म्हणाले, "आपल्या बंबाचा कसला धूर," पण ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

राजमतीबाईंनी त्यांना काहीच सुनावलं नाही. मला वाटत होतं, ही बाई आता सव्याज वसूल करील. त्या नातीला कुशीत घेऊन पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "नाना, मी तरी कोन तुमाला बोलनार? माज्या शेडमदी गंधकाची धुरी मीच देत आलीया. पिवळ्या मालाला भाव हाय म्हनून. पोरगी त्याच घरात वाडली." मग भामाबाईंकडे बघून, "पर ह्येंना कुटं दावलंय का कवा?"

नानासोंनी बायकोकडे बघितलं. उत्तर भामाबाईंनीच दिलं, "मला काय झालंय? आडुळसा हाय की दारात."

हे मात्र मला फार लागलं. शेजारी औषधाचं दुकान, पण ही बाई त्या खोकल्यासाठी माझ्याकडे एकदाही आली नव्हती. कधी दवाखान्यात गेली नाही, कधी रजा घेतली नाही, कारण तिच्या कामाला रजाच नव्हती. पेपरातल्या त्या एवढ्या शून्यांच्या आकड्यात तिचा खोकला कुणी धरला असेल, असं मला वाटत नाही.

त्याच दिवशी खोप रिकामी झाली. भंगारवाला आला आणि त्यानं काटा काढला. नानासोंनी काट्याकडे बघितलंसुद्धा नाही. वीरधवलला फोन करून सांगितलं, सौर बंब बसव. तोवर आंघोळीचं पाणी गॅसवर. शंभूराजकडे जाऊन काय बोलले ते मला माहीत नाही, पण येताना त्यांच्या हातात उपिटाचा डबा होता. राजमतीबाई राहिल्या. आठवडाभरात ब्राह्मीचा पहाटेचा खोकला कमी झाला आणि मे संपताना तिच्या शाळेचं नक्की झालं.

भामाबाईंना घेऊन नानासो पसरणीचा घाट उतरून वाईला गेले. बरोबर मी, कारण कागद वाचायला कुणीतरी हवं होतं. छातीचा फोटो झाला, मग यंत्राच्या नळीत जोरात फुंकायला लावलं. डॉक्टरांनी विचारलं, "बाई विडी ओढतात का? मिश्री?" नाही म्हटल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, बरीच वर्षं धुरात काम आहे का. मग आम्हाला समजावून सांगितलं. फुप्फुसांची ताकद निम्म्याच्या खाली आली होती. उरलेली औषधानं टिकवता येईल, गेलेली परत यायची नाही.

बाहेर येताच नानासो म्हणाले, "आप्पा, ह्ये दवाखानंवालं आकडं वाडवून सांगत्यात. औशदं खपवाय."

आम्ही साताऱ्याला गेलो. तिथेही तेच निघालं. "ह्येंनी वाईला फोन करून इचारलं आसनार," नानासो म्हणाले. मी भांडलो नाही. इतकी वर्षं या माणसाच्या संशयाला मी हसलो, चिडलो, पण या वेळी मीही मनातून म्हणत होतो, असू दे, यंदा तरी तुमचं खरं ठरू दे. कुणीतरी लबाडी करत असू दे.

जूनमध्ये राजमतीबाईंनी मिरजेला एका मोठ्या दवाखान्यात वेळ घेऊन दिली. तिथे नानासोंनी तपासणी करणाऱ्या मुलीला अडवलं. "आदी मी फुकनार. मला बगायचंय, मिशन बराबर हाय का."

मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली, पण तिनं नवी नळी लावून दिली. नानासोंनी छाती भरून श्वास घेतला आणि फुंकलं. पडद्यावर रेघ सरळ वर चढली. मुलगी कौतुकानं म्हणाली, "काका, एकदम तरुण माणसासारखी छाती आहे तुमची. रोज पहाटे फिरायला जाता का?"

"फाटकात आसतो," नानासो म्हणाले.

मग नळी बदलून भामाबाईंनी फुंकलं. तीनदा फुंकलं. रेघ थोडी वर गेली आणि तिथेच बसली. यंत्र बरोबर होतं. नानासो पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले आणि कितीतरी वेळ तिथून हलले नाहीत. त्यांचे खांदे हलताना दिसले तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं, कारण मला रडू आवरेना.

भामाबाई खुर्चीतून उठल्या. दम लागला म्हणून क्षणभर टेकल्या, पदर सारखा केला आणि नवऱ्याच्या दंडाला हात लावून म्हणाल्या, "झालं न्हवं मिशन तपासून? चला आता. यस्टी चुकंल."